वहीत सहा स्पेस असू द्या: मेट्रिकपासून हिल्बर्टपर्यंतचा अभ्यास

ऐरोलीहून ठाण्याला कॉलेजला येणाऱ्या, एमएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. टीवायला (बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला) मेट्रिक स्पेसचा, म्हणजे बिंदूंमधलं अंतर ठरवलेल्या संचांचा, पेपर चांगला गेला. आता फंक्शनल अ‍ॅनालिसिसमध्ये नॉर्म्ड स्पेस (जिथे प्रत्येक व्हेक्टरला नॉर्म, म्हणजे लांबी असते), बनाख स्पेस (कम्प्लीट नॉर्म्ड स्पेस), हिल्बर्ट स्पेस (जिचा नॉर्म इनर प्रॉडक्टमधून, म्हणजे कोन मोजू देणाऱ्या गुणाकारातून येतो अशी बनाख स्पेस) सगळं एकसारखंच दिसतं. सिद्धता पाठ होतात, पण ‘विधान खरं की खोटं, कारण द्या’ असं आलं की हात थांबतो. मेट्रिक पुन्हा पहिल्यापासून पक्की करावी का? वाचायचा क्रम काय ठेवावा? आणि नेटसाठी (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेसाठी) वेगळं काही करावं का?

मेट्रिक पुन्हा पहिल्यापासून करू नका. तुमच्या ओळखीची उदाहरणं कमी आहेत, खरी अडचण ती आहे. टीवायचा पेपर आर (वास्तव रेषा), आर-टू (प्रतल) आणि डिस्क्रीट मेट्रिक (कोणत्याही दोन वेगळ्या बिंदूंतलं अंतर १) एवढ्या भांडवलावर निघतो. पुढे ते पुरत नाही, कारण आर-टूमध्ये जवळपास प्रत्येक प्रमेय खरं असतं आणि डिस्क्रीट मेट्रिकचा नॉर्मशी संबंधच नसतो. मग प्रमेयातली एखादी अट काढली तर काय बिघडेल, हे तपासायला हाताशी काही उरत नाही. मी ठाण्यात एमएस्सीच्या मुलांना हा विषय बरीच वर्षं शिकवतोय. ज्यांना तो जमतो ते हुशारच असतात असं नाही, पण त्यांच्या वहीत पाच-सहा स्पेस कायम उघड्या असतात आणि वर्गात कुठलंही प्रमेय आलं की ते आधी त्या स्पेसवर घासून पाहतात.

माझ्या यादीत सहा आहेत. सी-नॉट-नॉट, म्हणजे ज्या क्रमिकांचे मोजकेच घटक शून्य नसतात त्या. सी-नॉट, शून्याकडे जाणाऱ्या क्रमिका. एल-वन, ज्यांच्या घटकांच्या केवल मूल्यांची बेरीज सांत असते. एल-टू, ज्यांच्या वर्गांची बेरीज सांत असते. एल-इन्फिनिटी, सगळ्या बाउंडेड क्रमिका. सहावी सी[०,१], शून्य ते एकवरची कंटिन्युअस फंक्शन्स. सी-नॉट-नॉट या सगळ्यांत गरीब, आणि अभ्यासाला सगळ्यांत उपयोगी. का ते पुढे येईलच. न-व्या जागी १ आणि बाकी सगळीकडे ० अशा क्रमिकेला मी इ(न) म्हणणार आहे.

क्रमाबद्दल. पुस्तकात आधी मेट्रिक, मग नॉर्म, मग बनाख आणि शेवटी हिल्बर्ट येतं, म्हणून आधीचं पूर्ण झाल्याशिवाय पुढे जायचं नाही असं मुलांना वाटतं. विषय घडला तो या क्रमानं नाही. मॉरिस फ्रेशेनं १९०६च्या आपल्या पॅरिसच्या प्रबंधात अंतराची अमूर्त कल्पना मांडली, आणि मेट्रिक स्पेस हे नाव हाउसडॉर्फच्या १९१४च्या ग्रंथातून रूढ झालं. पण त्याच काळात, १९०४ ते १९१०च्या दरम्यान, गटिंगेनला हिल्बर्ट इंटिग्रल इक्वेशन्सवर काम करत होता आणि ज्यांच्या वर्गांची बेरीज सांत आहे अशा क्रमिका सरळ वापरत होता. अशा क्रमिकांना फंक्शन्सशी जोडणारं रीस आणि फिशर यांचं प्रमेय १९०७चं. बनाखचा प्रबंध १९२०चा, छापून आला १९२२ला. हिल्बर्ट स्पेसची आजची अमूर्त व्याख्या फॉन नॉयमननं केली ती त्याहून उशिरा, १९२०च्या दशकाच्या अखेरीस. एल-टूमध्ये माणसं हिशेब करत होती, नियमावली मागाहून आली. तेव्हा तुम्हीही आजच एल-टू उघडायला हरकत नाही. मेट्रिकचं जे लागेल ते वाटेत उचलता येतं.

आता मेट्रिकमध्ये नेमकं काय असतं आणि काय नसतं, हे तुमच्याच रोजच्या लाइनवर पाहू. ठाणे स्टेशन मध्यभागी धरा. तिथून तीन फाटे निघतात: मुलुंडकडे, कळव्याकडे आणि ऐरोलीकडे. वाशीहून कुर्ल्याला जाणारी हार्बर लाइन तूर्त विसरा, नाहीतर मोठं वर्तुळ तयार होतं. दोन ठिकाणं एकाच फाट्यावर असतील तर त्यांच्यातलं अंतर म्हणजे मधल्या रुळाची लांबी. वेगवेगळ्या फाट्यांवर असतील तर ठाण्यापर्यंतचं एकाचं अंतर अधिक दुसऱ्याचं. सोपे आकडे घेऊ: ऐरोली ठाण्यापासून ६ किलोमीटर, मुलुंड ३. मग ऐरोली–मुलुंड अंतर ९. खाडीवरच्या ऐरोली पुलाचा इथे काही उपयोग नाही. ट्रँगल इनइक्वॅलिटी (वळसा घेऊन अंतर कमी होत नाही) दोन मिनिटांत तपासता येते. (कळवा–ऐरोली उन्नत मार्ग पूर्ण झाला की हे उदाहरण मला बदलावं लागेल.)

ऐरोली केंद्र धरून ४ त्रिज्येचा ओपन बॉल (केंद्रापासून ४ पेक्षा कमी अंतरावरचे सगळे बिंदू) काढा. ठाण्यापासून २ ते १० किलोमीटरमधला, ऐरोलीच्या फाट्यावरचा एक सरळ तुकडा मिळतो. त्रिज्या ८ करा. आता बॉल ठाणे ओलांडून मुलुंड आणि कळव्याच्या फाट्यांवरही दोन-दोन किलोमीटर पसरतो. ठाणे केंद्र घेतलंत तर कुठल्याही त्रिज्येला तीन पायांचा आकार दिसतो. म्हणजे मेट्रिकमध्ये बॉलचा आकार केंद्रावर आणि त्रिज्येवर अवलंबून असू शकतो. ठाण्यापासून प्रत्येक दिशेला रूळ गेलेत अशी कल्पना केली की हीच मेट्रिक सगळ्या आर-टूवर बसते. आणि मग आणखी एक गंमत होते: ठाण्यापासून बरोबर १ अंतरावरचे बिंदू घेतले तर ते अनंत आहेत आणि कोणतेही दोन एकमेकांपासून २ अंतरावर आहेत. हा संच क्लोज्ड आहे, बाउंडेड आहे, पण कॉम्पॅक्ट नाही (कॉम्पॅक्ट म्हणजे संचातल्या प्रत्येक क्रमिकेला संचातच लिमिट असलेली उपक्रमिका मिळणं). हा आकडा २ लक्षात ठेवा.

टीवायच्या मेट्रिकमधून पुढे तीनच गोष्टी खरोखर लागतात: कम्प्लीटनेस (प्रत्येक कॉशी क्रमिकेला, म्हणजे जिचे घटक एकमेकांजवळ येत जातात तिला, स्पेसमध्येच लिमिट असणं), कॉम्पॅक्टनेस आणि बेअरचं प्रमेय (आत एकही बॉल नसलेल्या गणनीय क्लोज्ड संचांनी कम्प्लीट स्पेस झाकता येत नाही). त्यातल्या कम्प्लीटनेसवर थांबायला हवं. (०,१) आणि आर हे होमिओमॉर्फिक (दोन्हीकडून कंटिन्युअस अशा जोडणीनं एकसारखे) आहेत, पण नेहमीच्या अंतरानं आर कम्प्लीट आहे आणि (०,१) नाही. म्हणजे कोणते संच ओपन आहेत एवढं कळून स्पेस कम्प्लीट आहे की नाही हे कळत नाही. नॉर्म्ड स्पेसमध्ये हे संकट उरत नाही. एकाच व्हेक्टर स्पेसवरच्या दोन नॉर्मनी तेच ओपन संच दिले, तर ते दोन नॉर्म स्थिरांकाच्या फरकानं सारखेच असतात आणि त्यांच्या कॉशी क्रमिकाही त्याच. कारण लिनिअर मॅप एका बिंदूवर कंटिन्युअस असला की सगळीकडे बाउंडेड (लांबी ठरावीक पटीपलीकडे न वाढवणारा) असतो. अर्ध्या ओळीची ही गोष्ट, पण मेट्रिक आणि नॉर्म यांच्यातला फरक इथे स्पष्ट दिसतो: बेरीज आणि गुणाकार हाताशी आले की एका बिंदूजवळची माहिती सगळीकडे नेता येते.

त्याचंच दुसरं रूप असं. नॉर्म्ड स्पेसमध्ये त्रिज्या १ चा एक बॉल माहीत असला की सगळे बॉल माहीत असतात. सरकवा आणि मोठे-लहान करा. म्हणून तिथे ओपन बॉलचं क्लोजर (बॉल आणि त्याचे सगळे लिमिट बिंदू) हा क्लोज्ड बॉलच असतो. नॉर्म १ असलेला बिंदू घ्या, त्याला (१ − १/न) नं गुणत राहा, तो आतून जवळ येतो. डिस्क्रीट मेट्रिकमध्ये हेच विधान कोसळतं: त्रिज्या १ चा ओपन बॉल म्हणजे एक बिंदू, क्लोज्ड बॉल म्हणजे आख्खी स्पेस. हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो आणि मुलं आर-टूचं चित्र काढून ‘खरं’ लिहून मोकळी होतात.

‘बेरीज असलेली कम्प्लीट मेट्रिक स्पेस म्हणजे बनाख स्पेसच की’ असाही एक गैरसमज असतो. सगळ्या वास्तव क्रमिका घ्या. दोन क्रमिकांच्या न-व्या घटकांतला फरक द असेल, तर द/(१+द) ला २ च्या न-व्या घातानं भागा आणि सगळ्या न साठी बेरीज करा. ही मेट्रिक कम्प्लीट आहे, सरकवली तरी बदलत नाही, तरीही कुठल्याही नॉर्ममधून तिची टोपोलॉजी (ओपन संचांची व्यवस्था) येत नाही. कारण सोपं आहे: शून्याभोवतीचा कितीही लहान बॉल घेतला तरी पुरेशा मोठ्या न साठी इ(न) ची सगळी रेषा त्याच्या पोटात मावते, कारण त्या घटकाचं वजनच नगण्य. नॉर्मच्या बॉलमध्ये आख्खी रेषा कधीच मावणार नाही.

नॉर्म बदलला की स्पेस बदलते, हे सी[०,१]वर बघा. ट चा न-वा घात हे फंक्शन घ्या. सुप्रीमम नॉर्मनं (सर्वांत मोठ्या केवल मूल्यानं) त्याची लांबी प्रत्येक न साठी १. इंटिग्रल नॉर्मनं (केवल मूल्याच्या इंटिग्रलनं) १/(न+१), म्हणजे शून्याकडे चाललंय. तेच फंक्शन एका नॉर्ममध्ये जागचं हलत नाही आणि दुसऱ्यात नाहीसं होतं. आता इंटिग्रल नॉर्ममध्ये सी[०,१] कम्प्लीट नाही हे दाखवायचं नेहमीचं उदाहरण: अर्ध्यापर्यंत ०, तिथून १/न इतक्या अंतरात सरळ चढून १, पुढे १. न आणि म या दोन फंक्शनमधलं अंतर १/न आणि १/म यांच्या फरकाच्या निम्मं येतं, तेव्हा क्रमिका कॉशी आहे. इथपर्यंत सगळे बरोबर असतात. मग पुढची ओळ येते: ‘लिमिट डिसकंटिन्युअस आहे, म्हणून स्पेस कम्प्लीट नाही.’ मी इथे मार्क कापतो. कुठल्या स्पेसमधली लिमिट? स्पेसमध्ये लिमिटच नाही हे तर सिद्ध करायचंय. लिहायला हवं ते असं: समजा एखादं कंटिन्युअस फंक्शन लिमिट आहे, मग ते ०पासून अर्ध्यापर्यंत ० असलं पाहिजे आणि अर्ध्याच्या पुढे सगळीकडे १ असलं पाहिजे, असं कंटिन्युअस फंक्शन नसतं. दोनच ओळी जास्त आहेत, पण स्पेसच्या आत उभं राहून बोलणं आणि बाहेरून बोलणं यातला सगळा फरक त्या दोन ओळींत आहे.

आता सी-नॉट-नॉट. फंक्शनल अ‍ॅनालिसिसच्या मोठ्या प्रमेयांत ‘बनाख स्पेस’ हे शब्द अटीसारखे येतात आणि मुलं ते न वाचता पुढे जातात. सी-नॉट-नॉटला सुप्रीमम नॉर्म द्या आणि एकेक प्रमेय लावून बघा. युनिफॉर्म बाउंडेडनेस (बनाख स्पेसवरचे मॅप प्रत्येक बिंदूवर बाउंडेड असतील तर त्यांचे नॉर्मही बाउंडेड): न-वा फंक्शनल (क्रमिकेला संख्या देणारा लिनिअर मॅप) असा घ्या की तो क्रमिकेच्या न-व्या घटकाला न नं गुणतो. कुठलीही एक क्रमिका धरली तर काही काळानं सगळी उत्तरं शून्य, म्हणजे प्रत्येक बिंदूवर बाउंडेड. पण न-व्या फंक्शनलचा नॉर्म न. प्रमेय पडलं. इन्व्हर्स मॅपचं प्रमेय (बनाख स्पेसमध्ये बाउंडेड, एकास-एक आणि पूर्ण पसरणाऱ्या लिनिअर मॅपचा इन्व्हर्सही बाउंडेड): न-व्या घटकाला न नं भागणारा मॅप घ्या. तो बाउंडेड आहे, एकास-एक आहे, सी-नॉट-नॉटवर पूर्ण पसरतो, आणि त्याचा इन्व्हर्स न-व्या घटकाला न नं गुणतो, म्हणजे अनबाउंडेड. तेही पडलं. क्लोज्ड ग्राफ (बनाख स्पेसमध्ये ग्राफ क्लोज्ड असलेला लिनिअर मॅप कंटिन्युअस असतो): हाच इन्व्हर्स मॅप घ्या. कंटिन्युअस मॅपचा उलटा म्हणून त्याचा ग्राफ क्लोज्ड आहे, तरी तो कंटिन्युअस नाही. एकाच गरीब स्पेसवर तीन प्रमेयं पडतात, आणि तिन्ही वेळा कारण एकच: बेअरचं प्रमेय लावायला कम्प्लीटनेस नाही. आधी या तीन पडझडी करून मग सिद्धता वाचा. बेअर कुठल्या ओळीत येतो ते तुम्हाला शोधावं लागणार नाही, तो दिसेल.

हान–बनाखचं (सबस्पेसवरचा बाउंडेड फंक्शनल नॉर्म न वाढवता सगळ्या स्पेसवर नेता येतो) तसं नाही. त्याला कम्प्लीटनेस लागत नाही, ते सी-नॉट-नॉटवरही चालतं. चार मोठ्या प्रमेयांची यादी एका दमात पाठ करणाऱ्यांचा हा फरक नेमका निसटतो.

कॉम्पॅक्टनेसकडे येऊ. सांत मिती असलेल्या स्पेसमध्ये सगळे नॉर्म सारखे आणि क्लोज्ड युनिट बॉल कॉम्पॅक्ट. अनंत मितीत तो कधीच कॉम्पॅक्ट नसतो. सर्वसाधारण सिद्धता रीसच्या लेमामधून जाते, पण वहीतल्या स्पेसमध्ये तर नुसतं मोजून दिसतं. इ(१), इ(२), इ(३) यांपैकी कोणत्याही दोघांमधलं अंतर एल-इन्फिनिटीत १, एल-टूमध्ये √२ आणि एल-वनमध्ये २. ठाण्याभोवतीच्या वर्तुळावर आलेला तोच २. सगळे एकमेकांपासून ठरावीक अंतर राखून उभे, तेव्हा कन्व्हर्जंट उपक्रमिका मिळणारच नाही. एल-इन्फिनिटीत तर फक्त ० आणि १ यांच्या क्रमिका घेतल्या तरी त्या अगणनीय आहेत आणि परस्परांपासून १ अंतरावर. म्हणून ती सेपरेबल (गणनीय बिंदूंनी सगळीकडे हवं तितकं जवळ पोचता येणारी) नाही. या एका ओळीवर नेटचे किती पर्याय बाद होतात ते मागच्या प्रश्नपत्रिका काढून बघा.

हिल्बर्ट स्पेसबद्दल मुलांची तक्रार उलटी असते: इथे सगळं फारच सुरळीत चालतं, मग शिकायचं काय? सुरळीत का चालतं ते शिकायचं. मुळाशी पॅरललोग्राम लॉ आहे: ‖क्ष+य‖² आणि ‖क्ष−य‖² यांची बेरीज ‖क्ष‖² आणि ‖य‖² यांच्या बेरजेच्या दुप्पट. १९३५ साली यॉर्डान आणि फॉन नॉयमन यांनी दाखवलं की नॉर्म इनर प्रॉडक्टमधून आलाय की नाही, हे ठरवायला एवढी एक समता पुरते. ती मोडते का हे पाहायला इ(१) आणि इ(२) बस्स होतात. उजवी बाजू नेहमी ४. डावी बाजू एल-वनमध्ये ४+४=८, एल-इन्फिनिटीत १+१=२, एल-टूमध्ये २+२=४. सी[०,१]मध्ये १ आणि ट ही फंक्शन्स घ्या: बेरजेचा नॉर्म २, वजाबाकीचा १, वर्गांची बेरीज ५, हवी होती ४. संपलं.

पण या समतेचं खरं काम दिसतं ते सर्वांत जवळच्या बिंदूच्या प्रमेयात. क्लोज्ड कॉन्व्हेक्स संच (दोन बिंदूंना जोडणारी रेषाही आत ठेवणारा) आणि बाहेरचा बिंदू क्ष दिलाय. संचातले बिंदू घेत जा, ज्यांचं क्षपासूनचं अंतर किमान अंतराकडे जातंय. ते एकमेकांजवळ येतील याची हमी काय? पॅरललोग्राम लॉ लावा: अशा दोन बिंदूंच्या मध्यबिंदूचं अंतर किमानपेक्षा कमी होऊ शकत नाही, कारण संच कॉन्व्हेक्स आहे, म्हणून त्या दोघांमधलं अंतर लहान व्हावंच लागतं. क्रमिका कॉशी झाली, कम्प्लीटनेसनं लिमिट दिली, क्लोज्ड असल्यानं ती संचात राहिली. तीन अटी, तिन्ही वापरल्या, एकही फुकट गेली नाही. ही सिद्धता कागदाशिवाय सांगता येईपर्यंत पुढे जाऊ नका.

मग हिल्बर्टच्या बाहेर काय होतं ते बघा. आर-टूला मॅक्स नॉर्म द्या आणि (०,१) पासून क्ष-अक्षावरचा जवळचा बिंदू शोधा: −१ ते १ मधला प्रत्येक बिंदू १ अंतरावर. जवळचा बिंदू आहे, पण एकमेव नाही. तो मुळात नसणं दाखवायला सी-नॉट घ्या. न-व्या घटकाला २ च्या न-व्या घातानं भागून बेरीज करणारा फंक्शनल फ. त्याचा नॉर्म १, पण नॉर्म १ च्या कुठल्याच क्रमिकेवर तो १ ही किंमत गाठत नाही, कारण क्रमिकेचे घटक पुढे १ पेक्षा लहान होतातच. फ चा कर्नल (जिथे फ ची किंमत शून्य ते सगळे बिंदू) ही क्लोज्ड सबस्पेस, आणि बिंदू घ्या इ(१) ची दुप्पट, जिथे फ ची किंमत १. कर्नलपासूनचं अंतर बरोबर १, आणि ते अंतर गाठणारा बिंदू कर्नलमध्ये नाही. असता, तर दोघांच्या फरकावर फ नं १ गाठला असता. हे उदाहरण एकदा स्वतः लिहून काढा.

प्रोजेक्शन प्रमेयात (हिल्बर्ट स्पेसमधला प्रत्येक बिंदू म्हणजे सबस्पेसमधला एक भाग अधिक तिला लंब असलेला एक भाग) ‘क्लोज्ड सबस्पेस’ असं असतं, तिथेही अशीच चाचणी. एल-टूमध्ये सी-नॉट-नॉट ही सबस्पेस घ्या: ती डेन्स (प्रत्येक बिंदूच्या हवं तितकं जवळ पोचणारी) आहे, तिला लंब असलेला फक्त शून्य, पण ती म्हणजे एल-टू नव्हे. क्लोज्ड हवं हे कळलं. आता सबस्पेस क्लोज्ड आहे पण स्पेसच कम्प्लीट नाही, अशी परिस्थिती घ्या. एल-टूच्या इनर प्रॉडक्टसह सी-नॉट-नॉट हीच स्पेस, आणि तिच्यात ज्या क्रमिकांसाठी न-व्या घटकाला न नं भागून केलेली बेरीज शून्य येते त्यांची सबस्पेस. ती क्लोज्ड आहे आणि सगळी स्पेस नाही. इ(१) − न·इ(न) हे तिच्यात बसतात. त्यांना लंब असलेल्या क्रमिकेचा न-वा घटक पहिल्या घटकाच्या १/न पट असलाच पाहिजे. पण आपल्याला मोजकेच घटक शून्येतर चालतात, तेव्हा पहिला घटकही ०. म्हणजे स्पेसहून लहान अशी क्लोज्ड सबस्पेस, आणि शून्याखेरीज लंब एकही नाही! (१, १/२, १/३, …) हा लंब एल-टूमध्ये होता, आपण स्पेस कापताना तो बाहेर राहिला. रीसचं रिप्रेझेंटेशन प्रमेय (प्रत्येक बाउंडेड फंक्शनल म्हणजे एका ठरावीक व्हेक्टरशी इनर प्रॉडक्ट) इथे का चालत नाही, त्याचंही उत्तर याच उदाहरणात आहे.

बेसिसबद्दल एकच सावधगिरी. ऑर्थोनॉर्मल बेसिस (परस्परांना लंब, लांबी १, अनंत बेरीज चालते) आणि लिनिअर अल्जिब्रातली बेसिस (फक्त सांत बेरीज) या दोन वेगळ्या गोष्टी. वरची (१, १/२, १/३, …) एल-टूमध्ये आहे, पण इ(न) च्या कुठल्याही सांत बेरजेतून ती मिळत नाही. एल-टूची लिनिअर अल्जिब्राच्या अर्थानं बेसिस अगणनीय असते, आणि ते सिद्ध करायला पुन्हा बेअर. या क्रमिकेच्या नॉर्मचा वर्ग किती, हेही एकदा काढा: −π ते π वर ट या फंक्शनचे फूरिए सहगुणक काढून पार्सेव्हल (नॉर्मचा वर्ग म्हणजे ऑर्थोनॉर्मल बेसिसमधल्या सहगुणकांच्या वर्गांची बेरीज) लावला की π²/६ हाती येतं. ऑयलरनं अठराव्या शतकात गाठलेली ही बेरीज हिल्बर्ट स्पेसमध्ये पायथागोरसचं प्रमेय होऊन येते, आणि मला अजूनही ती वर्गात फळ्यावर मांडताना बरं वाटतं. मात्र नॉर्ममधलं कन्व्हर्जन्स म्हणजे प्रत्येक बिंदूवरचं कन्व्हर्जन्स नव्हे. कंटिन्युअस फंक्शनची फूरिए सिरीज एखाद्या बिंदूवर डायव्हर्ज होऊ शकते हे दु ब्वा-रेमोंनं १८७३ सालीच दाखवलं होतं. आज ते युनिफॉर्म बाउंडेडनेसमधून अर्ध्या पानात येतं. उलट बाजूनं, एल-टू प्रकारच्या फंक्शनसाठी जवळजवळ सर्वत्र कन्व्हर्जन्स मिळतं हे सिद्ध व्हायला १९६६ उजाडलं. ते कार्लेसनचं काम.

ड्युअल स्पेसवर (बाउंडेड फंक्शनल्सच्या स्पेसवर) फार लिहीत नाही. सी-नॉटचा ड्युअल एल-वन, एल-वनचा एल-इन्फिनिटी, एल-टूचा स्वतः एल-टू. हे तिन्ही हातानं करा, तिन्हीकडे युक्ती एकच. एल-इन्फिनिटीचा ड्युअल एल-वनहून मोठा आहे, हे हान–बनाखनं दाखवा आणि सोडून द्या.

अभ्यासाची पद्धत विचारलीत म्हणून सांगतो. सहा स्पेसचा एक तक्ता वहीच्या शेवटच्या पानावर करा: कम्प्लीट आहे का, सेपरेबल आहे का, इनर प्रॉडक्टमधून नॉर्म येतो का, ड्युअल कोणता, स्वतःच्या दुहेरी ड्युअलइतकी आहे का. प्रत्येक रकाना भरताना शेजारी एका ओळीत कारण. हे काम लोकलमध्ये होत नाही, टेबलावर बसूनच करावं लागतं. लोकलमध्ये व्याख्या आणि अटी डोक्यात घोळवा, ते उभ्यानंही जमतं. पुस्तक एकच धरा. क्रेझिगचं सोपं आहे, उदाहरणं भरपूर आहेत आणि मेझर (माप) थिअरीशिवाय चालतं; थोडं कसदार हवं असेल तर पवईच्या आयआयटीत प्राध्यापक राहिलेले बालमोहन लिमये यांचं घ्या. तीन-तीन पुस्तकांतून नोट्स काढणाऱ्यांच्या नोट्स सुंदर होतात, एवढंच. क्लासच्या छापील नोट्स पुनरावृत्तीला ठीक आहेत; त्यांतली सिद्धता मात्र अनेकदा अट कुठे वापरली ते न सांगताच पूर्ण होते.

नेटसाठी वेगळा अभ्यास नको. त्याच्या पार्ट सीमध्ये, जिथे एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात, सगळे बरोबर पर्याय निवडले तरच मार्क मिळतात, म्हणून अर्धवट ओळखीची किंमत तिथे शून्य. चार पर्याय दिसले की प्रत्येकाला आधी सी-नॉट-नॉट, मग एल-वन आणि एल-इन्फिनिटी लावा. खोटे पर्याय बहुतेक वेळा तिथेच गळतात. जे उरतात त्यांच्यासाठीच सिद्धता शोधायची. विद्यापीठाच्या पेपरला उलट: तिथे सिद्धता विचारतात, आणि ‘एक्स बनाख असल्यामुळे’ हे शब्द योग्य ओळीत आले की परीक्षकाला तुम्ही समजून लिहिताय हे कळतं.

या आठवड्यात एक गणित करा. सी-नॉट-नॉटमधल्या ज्या क्रमिकांच्या घटकांची बेरीज शून्य आहे, त्यांचा संच घ्या. तो सी-नॉटमध्ये डेन्स आहे का? एल-टूमध्ये? एल-वनमध्ये? इशारा: इ(१) घ्या आणि त्याच्या पुढच्या न जागांवर प्रत्येकी −१/न ठेवा. ही नवी क्रमिका संचात आहे. तिचं इ(१) पासूनचं अंतर तिन्ही नॉर्ममध्ये मोजा. १/न, १/√न आणि १ अशी उत्तरं येतील. पहिल्या दोन ठिकाणी इ(१) वर केलेलं प्रत्येक इ(म) वर करून डेन्स असल्याचं दाखवा. तिसऱ्या ठिकाणी आपली युक्ती फसली म्हणजे संच डेन्स नाही असं होत नाही, ते वेगळं सिद्ध करायला लागेल: एल-वनवर ‘सगळ्या घटकांची बेरीज’ हा फंक्शनल बाउंडेड आहे, आणि आपला संच त्याच्या कर्नलमधून बाहेर पडू शकत नाही.